पुण्याहून दूरदेशी: अंतर किती, विमानाला तास किती आणि घरातून निघायचं कधी?

“तिकिटावर तर साडेपाच तासच दिसतायत, मग तू सोळा कसे म्हणतोस?” आमच्या सोसायटीत अमेरिकेला, लंडनला किंवा सिडनीला मुलांकडे जाणारे आई-बाबा बरेच आहेत. त्यांची तिकिटं वाचून द्यायचं काम हळूहळू माझ्याकडे आलं आणि हा प्रश्न दर दोन-चार महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. तिकिटावरची सुटायची वेळ पोचायच्या वेळेतून वजा करायची आणि आलेल्या आकड्याला प्रवास समजायचं, इथेच बहुतेकांचं गणित फसतं. मग औषधांच्या वेळा चुकतात आणि घ्यायला येणारा मुलगा भलत्या वेळी विमानतळावर उभा राहतो. कधीकधी तर विमानच निघून गेलेलं असतं.

हे सगळं टाळता येतं. टप्पे मात्र खाली दिलेल्या क्रमानेच करा. मधला एखादा गाळला तर पुढचा आकडा चुकतो, आणि तो चुकलाय हे कळतही नाही.

## तयारी

एक पाठकोरा कागद, पेन, तिकिटाची छापील प्रत आणि भिंतीवरचं कॅलेंडर जवळ घ्या. मोबाइलच्या छोट्या पडद्यावर तिकीट वाचू नका. त्यावर तारीख एका ओळीत, वेळ दुसऱ्या ओळीत आणि “+१” (म्हणजे दुसऱ्या तारखेला पोचणार) कोपऱ्यात बारीक अक्षरात असतो. नेमका तोच नजरेतून सुटतो.

कागदावर पाच रकाने आखा: कुठून, कुठे, स्थानिक वेळ, भारतीय वेळ, लागलेले तास. चौथा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. प्रत्येक वेळ आधी भारतीय वेळेत आणायची आणि मगच बेरीज-वजाबाकी करायची. या लेखातला हा एक नियम पाळलात तरी निम्म्याहून जास्त चुका टळतील.

## टप्पा १: नेमकं कुठून आणि नेमकं कुठे

“पुणे ते न्यूयॉर्क” एवढ्यावर गणित होत नाही. विमान शहरातून नाही, विमानतळावरून सुटतं. लोहगावचा कोड पीएनक्यू, मुंबईचा बीओएम. आता नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय, त्याचा कोड एनएमआय. तिकिटावर “मुंबई” वाचून गाडीवाल्याला सवयीने अंधेरीकडे जायला सांगण्याआधी ही तीन अक्षरं बघा.

पलीकडच्या टोकालाही हीच काळजी घ्या. न्यूयॉर्कला जाणाऱ्याचं विमान जेएफकेला उतरतंय की न्यू जर्सीतल्या नेवार्कला? लंडनमध्ये हीथ्रो की गॅटविक? सॅन होजे नावाची तर दोन शहरं आहेत: कॅलिफोर्नियातल्याचा कोड एसजेसी आणि कोस्टा रिकातल्याचा एसजेओ. एका अक्षराच्या फरकाने माणूस वेगळ्याच देशात पोचेल.

पुण्याहून थेट परदेशी जाणारी विमानं मोजकीच आहेत आणि तीही जवळच्या पल्ल्याची. युरोप-अमेरिकेसाठी आपल्याला बहुतेक वेळा मुंबईला किंवा दिल्लीला जावं लागतं. त्यामुळे कागदावरची पहिली ओळ “पुणे, घर” अशीच लिहा. “मुंबई विमानतळ” ही दुसरी ओळ.

तपासा: तिकिटावरचे सगळे तीन अक्षरी कोड कागदावर उतरवलेत का? मधल्या थांब्याचाही हवा.

## टप्पा २: अंतर काढा

भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नका. पृथ्वी गोल आहे आणि सपाट नकाशा उत्तरेकडचे देश ताणून मोठे दाखवतो. दोन गावांमधली सर्वांत जवळची वाट गोलावर दोरा ताणला की दिसते. सॅन फ्रान्सिस्को नकाशावर पश्चिमेला दूर दिसतं, म्हणून विमान अरबी समुद्र, युरोप, अटलांटिक असंच जात असणार, असं आपण धरून चालतो. गोलावर पुण्याला बोट ठेवून दोरा ताणून बघा. दोरा मध्य आशिया आणि सायबेरियावरून उत्तर ध्रुवाच्या बाजूला चढतो आणि वरून कॅलिफोर्नियात उतरतो. दुबई आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्या रेखांशांत तर जवळजवळ १७८ अंशांचा फरक आहे, म्हणून ती सर्वांत जवळची वाट ध्रुवाच्या अगदी शेजारून जाते. नातवंडांबरोबर एकदा हे करून बघाच. ३० सेंटीमीटर व्यासाच्या पृथ्वीगोलावर दोऱ्याचा १ सेंटीमीटर म्हणजे साधारण ४२५ किलोमीटर.

दुसरा सोपा मार्ग संगणकावरच्या गूगल मॅप्सचा. पहिल्या विमानतळावर उजवं बटण दाबून “अंतर मोजा” हा पर्याय निवडा आणि मग दुसऱ्या विमानतळावर क्लिक करा. तिथलं अंतर गोलावरचंच मिळतं. गाडीच्या रस्त्याचं अंतर दाखवणारा पर्याय मात्र निवडू नका.

तिसरा मार्ग आकडेमोडीचा. अक्षांश-रेखांश माहीत असले की साधा वैज्ञानिक कॅल्क्युलेटर पुरतो. लोहगाव १८.५८ उत्तर, ७३.९२ पूर्व. हीथ्रो ५१.४७ उत्तर, ०.४५ पश्चिम.

१. दोन्ही अक्षांशांच्या साइनचा गुणाकार करा: ०.३१८६ × ०.७८२३ = ०.२४९२.
२. रेखांशांतला फरक काढा. एक पूर्वेचा आणि एक पश्चिमेचा आहे, म्हणून बेरीज होते: ७४.३७ अंश. याचा कोसाइन ०.२६९४.
३. दोन्ही अक्षांशांचे कोसाइन आणि हा तिसरा कोसाइन यांचा गुणाकार करा: ०.९४७९ × ०.६२२९ × ०.२६९४ = ०.१५९१.
४. पहिल्या आणि तिसऱ्या पायरीची बेरीज ०.४०८३. याचा उलटा कोसाइन (कॅल्क्युलेटरवरचं cos⁻¹ बटण) सुमारे ६५.९ अंश.
५. एका अंशाला १११.२ किलोमीटर धरा. उत्तर सुमारे ७,३३० किलोमीटर.

यात दोन चुका हमखास होतात. कॅल्क्युलेटर अंशांऐवजी रेडियनवर (कोन मोजायच्या दुसऱ्या एककावर) असतो, किंवा पूर्व-पश्चिम रेखांशांची बेरीज करायची सोडून वजाबाकी होते. उत्तर विचित्र वाटलं तर आधी हेच बघा.

सावध: आकड्यामागचं एकक वाचा. ७,३३० किलोमीटर म्हणजे सुमारे ४,५५५ मैल आणि सुमारे ३,९६० सागरी मैल. विमान कंपन्यांचे “माइल्स” बघून “अरे, लंडन तर जवळच आलं” असं वाटायला वेळ लागत नाही.

## टप्पा ३: अंतरावरून तासांचा अंदाज

लांब पल्ल्याचं जेट विमान वर गेल्यावर ताशी ९०० किलोमीटरच्या आसपास उडतं. पण धावपट्टीपर्यंतची रांग, वर चढणं, खाली उतरणं आणि गेटला लागणं यांतही वेळ जातो, आणि तिकिटावरची वेळ गेटपासून गेटपर्यंतची असते. म्हणून मी हा हिशेब वापरतो: किलोमीटरला ८५० ने भागा आणि अर्धा तास मिळवा.

मुंबईहून निघाल्यास साधारण असे आकडे येतात:

- दुबई, १,९३० किमी: पावणेतीन तास
- लंडन, ७,२१० किमी: नऊ तास
- न्यूयॉर्क, १२,५३० किमी: सव्वापंधरा तास
- सॅन फ्रान्सिस्को, १३,५०० किमी, थेट विमान असेल तर: साडेसोळा तासांच्या आसपास

हा मधला आकडा झाला. यात वाऱ्याचा हिशेब नाही. ज्या उंचीवर ही विमानं उडतात तिथे मध्य अक्षांशांवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा असतो, आणि हिवाळ्यात तो आणखी वाढतो. म्हणून लंडनला जाताना साडेनऊ तास लागतात आणि येताना साडेआठ. न्यूयॉर्कला जाताना सोळा, येताना चौदा-सव्वाचौदा. पश्चिमेला जाताना अर्धा-पाऊण तास मिळवा, पूर्वेला येताना अर्धा ते एक तास वजा करा. ध्रुवाच्या बाजूने जाणाऱ्या वाटेला मात्र हा नियम नीट लागू होत नाही.

वाऱ्यासाठी वैमानिक मोठा वळसाही घेतात. २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. वाट सुमारे १३,९०० किलोमीटरवरून सुमारे १५,३०० वर गेली, पण पाठीवर वारा मिळाल्याने प्रवास साडेचौदा तासांत होऊ लागला. अंतर वाढूनही वेळ वाचला.

उलटंही होतं. २०२५ च्या एप्रिलमध्ये पाकिस्तानचं आकाश भारतीय विमान कंपन्यांना बंद झालं. तेव्हा उत्तर भारतातून पश्चिमेला जाणाऱ्या विमानांची वाट लांबली आणि दिल्लीहून अमेरिकेला निघालेल्या काही विमानांना इंधनासाठी युरोपात उतरावं लागलं. म्हणून दोन वर्षांपूर्वी गेलेल्या शेजाऱ्याच्या अनुभवावर विसंबू नका.

तपासा: तुमचा अंदाज आणि तिकिटावर छापलेला एकूण कालावधी यांत तासाभरापेक्षा जास्त फरक येतोय का? मग बहुतेक मधला थांबा मोजायचा राहिलाय.

## टप्पा ४: त्या तारखेचा वेळेचा फरक

“अमेरिका साडेदहा तास मागे” हे वाक्य अर्धंच खरं आहे. आपली वेळ बारा महिने तीच असते, त्यांची बदलते. वर्षातून दोनदा ते घड्याळ एक तास पुढे-मागे करतात, आणि तेही वेगवेगळ्या तारखांना.

- न्यूयॉर्क: उन्हाळ्यात साडेनऊ तास मागे, हिवाळ्यात साडेदहा
- सॅन फ्रान्सिस्को: उन्हाळ्यात साडेबारा तास मागे, हिवाळ्यात साडेतेरा
- लंडन: उन्हाळ्यात साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच
- सिडनी, मेलबर्न: त्यांच्या हिवाळ्यात साडेचार तास पुढे, त्यांच्या उन्हाळ्यात साडेपाच
- दुबई: वर्षभर दीड तास मागे
- सिंगापूर: वर्षभर अडीच तास पुढे

अमेरिकेत घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं. ब्रिटन आणि युरोपात मार्चचा आणि ऑक्टोबरचा शेवटचा रविवार. ऑस्ट्रेलियात सिडनी-मेलबर्नला ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे, एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे; ब्रिस्बेनला मात्र घड्याळ बदलतच नाही. दिवाळी आटोपून निघणाऱ्यांचं तिकीट बऱ्याचदा याच ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सांध्यावर येतं. त्या आठवड्यात लंडन बदललेलं असतं आणि न्यूयॉर्क बदललेलं नसतं.

हिवाळ्यातल्या लंडनसाठी एक जुनी युक्ती आहे. काट्यांचं मनगटी घड्याळ उलटं धरा, म्हणजे सहाचा आकडा वर. आपल्याकडे दुपारचे अडीच वाजले असतील तर उलट्या घड्याळात नऊ दिसतील, आणि लंडनला तेव्हा सकाळचे नऊच वाजलेले असतात. तासकाटा आकड्यावर अगदी नेमका येत नाही, पण अंदाजाला पुरतो. साडेपाच तासांच्या फरकाची ही गंमत आहे, म्हणून उन्हाळ्यात ती चालत नाही.

सावध: तिकिटावरच्या वेळा त्या त्या गावाच्या, त्या दिवसाच्या घड्याळाप्रमाणेच छापलेल्या असतात. घड्याळबदल त्यात आधीच धरलेला असतो. तिकिटातली वेळ स्वतः बदलू नका. बदलायचा तो तुमच्या वजाबाकीतला फरक.

## टप्पा ५: तिकीट भारतीय वेळेत आणा

आता चौथा रकाना भरायचा. समजा तिकिटावर असं आहे: मुंबईहून १० जानेवारी ०१:३०, न्यूयॉर्कला १० जानेवारी ०७:००.

सरळ वजाबाकीने साडेपाच तास येतात, म्हणजे सुरुवातीचा तोच प्रश्न. आता न्यूयॉर्कचे सकाळचे सात भारतीय वेळेत आणा. जानेवारी आहे, म्हणून साडेदहा तास मिळवा: संध्याकाळचे साडेपाच. रात्री दीड ते संध्याकाळी साडेपाच म्हणजे सोळा तास. टप्पा ३ मधल्या अंदाजाशी हे जुळतं.

परतीला समजा न्यूयॉर्कहून १० फेब्रुवारी २१:०० आणि मुंबईला ११ फेब्रुवारी २१:४५. तारीख बदललेली बघून लोक घाबरतात, “बापरे, पावणेपंचवीस तास!” न्यूयॉर्कचे रात्रीचे नऊ म्हणजे आपले दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसात. तिथून रात्री पावणेदहापर्यंत सव्वाचौदा तास.

मागे असलेल्या गावाच्या वेळेत फरक मिळवायचा, पुढे असलेल्या गावाच्या वेळेतून वजा करायचा. सिडनीच्या तिकिटाला हेच उलट लागू होतं आणि तिथे घोटाळा जास्त होतो, कारण अमेरिकेच्या हिशेबाची सवय झालेली असते. शंका आली तर स्वतःला एवढंच विचारा: मी आत्ता घरी बसलोय, तिथे उजाडलंय की उजाडायचंय? आपल्या आधी उजाडत असेल तर ते गाव पुढे.

“+१” म्हणजे निघालात त्याच्या दुसऱ्या तारखेला पोचणार. “+२” दिसलं तर तिकीट चुकलंय असं समजू नका. सॅन फ्रान्सिस्कोहून उन्हाळ्यात ५ तारखेला रात्री नऊला निघालात तर भारतात तेव्हा ६ तारखेचे सकाळचे साडेनऊ झालेले असतात. साडेसोळा तास मिळवले की ७ तारखेचे पहाटेचे दोन. विमान आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडतं की नाही याचा विचारही करायला नको, कारण दोन्ही टोकं भारतीय वेळेत आणली की तारखेचा हिशेब आपोआप बसतो.

तपासा: उत्तर उणे येतंय, किंवा एका सलग उड्डाणाला वीस तासांच्या वर येतंय? मग फरक उलट्या दिशेने धरलाय.

## टप्पा ६: मधला थांबा

या अख्ख्या हिशेबात स्थानिक वेळांची सरळ वजाबाकी चालते ती फक्त इथे, कारण उतरणं आणि पुन्हा चढणं एकाच गावात होतं. मधे मध्यरात्र येत असेल तर तारीख बघा, बाकी काही नको.

उदाहरण बघा. शनिवार, १० जानेवारी. मुंबई ०४:३० ते दुबई ०६:१०. दुबई ०८:५० ते सॅन फ्रान्सिस्को १२:४०, तारीख तीच.

- मुंबई ते दुबई: दुबईचे ६:१० म्हणजे आपले ७:४०. लागले ३ तास १० मिनिटं.
- दुबईतला थांबा: ६:१० ते ८:५०, २ तास ४० मिनिटं.
- दुबई ते सॅन फ्रान्सिस्को: ८:५० म्हणजे आपले १०:२०. तिकडचे १२:४०, त्यात साडेतेरा मिळवा, म्हणजे आपले रात्रीचे २:१०. लागले १५ तास ५० मिनिटं.

एकूण २१ तास ४० मिनिटं. पडताळा घ्यायचा असेल तर पहिली सुटायची आणि शेवटची पोचायची वेळ तेवढी घ्या: ४:३० ते १२:४० म्हणजे ८ तास १० मिनिटं, त्यात साडेतेरा मिळवा. उत्तर तेच यायला हवं. अंतर बघितलं तर थेट १३,५०० किलोमीटरऐवजी सुमारे १४,९५० होतं. दुबईचा वळसा असतो एवढाच. थेट विमानापेक्षा जो जास्तीचा वेळ लागतो, त्यातला निम्मा थांब्यात जातो.

थांबा पुरेसा आहे का हे मिनिटांवरून ठरत नाही. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर असली आणि पहिलं उशिरा आलं, तर पुढची सोय करणं कंपनीचं काम. वेगवेगळी तिकिटं स्वतः जोडली असतील, तर दुसरं विमान चुकल्याचा भुर्दंड तुमचा. पुण्याहून दिल्लीला स्वस्त विमानाने जाऊन तिथून वेगळ्या कंपनीचं अमेरिकेचं विमान पकडणारे इथेच अडकतात. पुणे ते दिल्ली सुमारे १,१६० किलोमीटर, दोन-सव्वादोन तास. पण दिल्लीला बॅगा पट्ट्यावरून उचलून पुन्हा द्याव्या लागतात, टर्मिनल बदलावं लागू शकतं आणि हिवाळ्यातलं धुकं असतंच. अशा वेळी मधे सहा तास तरी ठेवा, जानेवारीत आदल्या दिवशीच पोचा.

अमेरिकेत ज्या विमानतळावर तुम्ही पहिल्यांदा उतरता, तिथेच इमिग्रेशन होतं. पुढचं देशांतर्गत विमान असेल तर साधारणपणे तिथेच बॅगाही घेऊन पुन्हा द्याव्या लागतात. तिथे दीड तासाचा थांबा ज्येष्ठांसाठी मी कधीच घेऊ देत नाही. मधल्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का, हेही तिकीट काढण्याआधी बघा.

## टप्पा ७: मध्यरात्रीनंतरची तारीख

हा टप्पा वाटतो सोपा, पण सगळ्यांत महागात पडतो हाच.

मुंबईहून परदेशी जाणारी बरीच विमानं रात्री बारानंतर सुटतात. माझ्या मावशीचं तिकीट २२ तारखेचं, ००:५० चं होतं. घरात सगळ्यांच्या तोंडी “बावीसची रात्र” हेच होतं. बावीसला सकाळी शेजारणींनी ओटी भरली, दुपारी सगळ्यांचा निरोप घेऊन गाडी निघाली, रात्री नऊला विमानतळावर पोचली. दारातल्या जवानाने तिकीट दोनदा वाचलं आणि म्हणाला, “माँजी, ये तो कल रात को चला गया।” विमान सुटून वीस तास झाले होते. मावशी तिथेच बॅगेवर बसली. चकल्या-लाडवांचा डबा मांडीवर घट्ट धरून ती बराच वेळ काहीच बोलली नाही. नवीन तिकिटाला जे पैसे गेले ते गेले, पण तिचा तो चेहरा अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. म्हणून हा टप्पा मी प्रत्येकाला समोर बसवून करायला लावतो.

तिकिटावरची वेळ ००:०१ ते ०५:०० यांच्या मधली असेल तर घरातून निघायची तारीख आदल्या दिवशीची. कॅलेंडरवर २२ च्या चौकोनात काहीही लिहू नका. २१ च्या चौकोनात लाल पेनने लिहा: “आज दुपारी निघायचं.” फोनवर मुलांशी बोलतानाही “बावीसची रात्र” म्हणू नका; “एकवीसला जेवून, दुपारी निघतोय” म्हणा. ००:५० ला कुणी दुपारचे १२:५० समजू नये, म्हणून शेजारी “मध्यरात्रीनंतर” हा शब्दही लिहून ठेवा.

तपासा: निघायचा वार घरातल्या दोघांना वेगवेगळं विचारा. दोन उत्तरं आली तर कागद पुन्हा उघडा.

## टप्पा ८: विमानतळापासून घरापर्यंत उलटी मोजणी

“मुंबई काय, तीन तासांत” असं म्हणून निघणाऱ्यांनी नीट ऐका. द्रुतगती मार्ग जेमतेम ९५ किलोमीटरचा आहे, पण घर ते विमानतळ सुमारे १५० किलोमीटर पडतात, आणि वेळ जातो तो उरलेल्या अंतरात. कोथरूडहून चांदणी चौक, बावधन, मग वाकड-हिंजवडीची गर्दी पार करून मार्गाला लागेपर्यंत संध्याकाळी तास सहज जातो. हडपसर, खराडीहून आणखी जास्त. पलीकडे कळंबोली उतरल्यावर वाशी, चेंबूर आणि पुढे विमानतळापर्यंत पुन्हा तासभर किंवा जास्त. मधे खंडाळ्याचा घाट. तिथे एक ट्रक आडवा झाला की सगळंच थांबतं.

मोजणी विमानाच्या वेळेपासून मागे करा. पुण्यापासून पुढे करायला गेलात तर मन हटकून आशावादी आकडा धरतं. ०४:३० च्या विमानासाठी:

१. बॅगा द्यायचा चेक-इन काउंटर साधारण तासभर आधी बंद होतो: ०३:३०. तुमच्या कंपनीची नेमकी वेळ तिकिटावर बघा.
२. विमानतळाच्या दारात साडेतीन तास आधी: रात्री १:००. व्हीलचेअर सांगितली असेल तर चार तास.
३. रस्त्याला चार तास: रात्री ९:००.
४. घाटासाठी राखीव दीड तास: संध्याकाळी ७:३०.

म्हणजे घरातून शुक्रवारी, ९ जानेवारीला, संध्याकाळी साडेसातला निघायचं. शुक्रवारी संध्याकाळी लोणावळ्याकडे जाणाऱ्यांची झुंबड असते, म्हणून मी यात आणखी तास मिळवून साडेसहा सांगेन. जोडून सुट्ट्या, जुलै-ऑगस्टचा धो धो पाऊस, गणपतीचे दिवस, यांतलं काही असेल तर दोन तास. मार्गावर कामासाठी वाहतूक थांबवण्याची वेळ जाहीर झाली आहे का, हे आदल्या दिवशीच्या पेपरात बघा. दोन तास लवकर पोचलात तर खुर्चीत बसून डबा खाता येतो. दहा मिनिटं उशिरा पोचलात तर काहीच करता येत नाही.

शेअर टॅक्सी घेत असाल तर ती आणखी तीन घरं फिरून निघते. गाडीवाल्याने सांगितलेली वेळ तुमच्या दारातली की शेवटच्या प्रवाशाला घेतल्याची, हे विचारून घ्या.

## टप्पा ९: घर ते घर

विमान गेटला लागलं म्हणजे प्रवास संपला असं नाही. इमिग्रेशन आणि बॅगा यांना दीड तास धरा, मुलाच्या घरापर्यंत एक तास. आपल्या उदाहरणात विमान भारतीय वेळेनुसार रविवारी पहाटे २:१० ला पोचतं, दार उघडतं ४:४० ला. शुक्रवारी संध्याकाळी साडेसातपासून मोजलं तर ३३ तास १० मिनिटं. त्यातलं प्रत्यक्ष उड्डाण १९ तासांचं.

रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्यांसाठी, डब्यासाठी, फोनच्या चार्जिंगसाठी हाच ३३ चा आकडा लागतो. डॉक्टरांकडे जाताना हा कागद घेऊन जा आणि “अमेरिकेच्या वेळेने गोळी कधी घेऊ?” असं विचारायच्या ऐवजी “घरातून निघाल्यापासून कितव्या तासाला घेऊ?” असं विचारा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर हे विचारल्याशिवाय निघूच नये. औषधं हातातल्या पिशवीत ठेवा, खाली जाणाऱ्या बॅगेत नको.

घ्यायला येणाऱ्याला मात्र भारतीय वेळ कळवू नका. त्याला त्याच्या गावाची वेळ, वार, तारीख, विमानाचा क्रमांक आणि विमानतळाचा कोड पाठवा: “शनिवार १० जानेवारी, तुमचे दुपारचे १२:४०, एसएफओ.” हे वाक्य त्याच्याकडून उलट लिहून मागवा. मग कागदाच्या दोन प्रती काढा. एक फ्रिजच्या दारावर, मागे राहणाऱ्यांसाठी, आणि दुसरी पासपोर्टच्या पाकिटात, तिकिटाच्या वर.